विकर-निरोधक औषधे : उच्च रक्तदाब आणि थकलेले हृदय

शालेय विज्ञानात विकरांची पहिली ओळख लाळेपासून होते. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की तो गोड लागू लागतो, कारण लाळेतील विकर पिष्टमय पदार्थाचे शर्करेत रूपांतर करते. हा प्रयोग आमच्या वसतिगृहातील प्रत्येक तुकडीने भोजनगृहात बसून केलेला आहे. परंतु विकरांचे कार्य पचनापाशी संपत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावरही एक विकर अहोरात्र काम करीत असते, आणि त्याचे काम आवरून धरणाऱ्या गोळ्या आज असंख्य घरांतील फडताळांत आढळतात. या गोळ्यांचा शोध कसा लागला, त्या शरीरात नेमके काय करतात आणि त्या घेणाऱ्याने व त्याच्या घरच्यांनी काय जाणून घ्यावे, हे क्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा विषय निवडण्यामागे एक कारण आहे, आणि ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. आमच्या भोजनगृहात अनेक वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना एका तपासणीत उच्च रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. काही आठवड्यांनी मावशींना कोरडा खोकला सुरू झाला. रात्री खोकला वाढे; कफ मात्र पडत नसे. पोरांना लागण होईल या भीतीने त्यांनी ताटे वाढणे सोडले व आतल्या खोलीत पोळ्या लाटीत बसू लागल्या. पुढे कोणीतरी गोळी उष्ण पडली असे सांगितले, म्हणून त्यांनी गोळी बंद केली. खोकला थांबला. डॉक्टरांकडे पुन्हा जाण्याचे कारण उरले नाही, असे त्यांना वाटले. त्याच महिन्यांत शेजारच्या वर्गात आम्ही फळ्यावर विकरांचा धडा शिकवीत होतो. भिंतीपलीकडचा तो खोकला आम्हां सर्वांना ऐकू येत होता. परंतु मावशींना औषधाविषयी एक प्रश्न विचारावा, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. प्रस्तुत लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाची भरपाई होऊ शकत नाही. पण पुढच्या घरी तो प्रश्न विचारला जावा, एवढीच अपेक्षा आहे.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त धमन्यांत ढकलले जाते आणि धमन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. हा वरचा दाब होय. हृदय शिथिल असताना जो दाब शिल्लक राहतो तो खालचा दाब. प्रौढ व्यक्तीत १२०/८० च्या आतील दाब सामान्य मानतात. वेगवेगळ्या दिवशी, शांत बसवून मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर आपल्याकडे त्यास उच्च रक्तदाब म्हणतात.

या विकाराचा मोठा दोष म्हणजे तो बोलत नाही. ताप अंग तापवतो, दात ठणकतो. वाढलेला रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे काहीच जाणवू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. म्हणजे साधारणपणे दर चार-पाच प्रौढांमागे एक. आमच्या पालकमेळाव्यातील पहिली रांग मोजली तरी त्यांत दोघे-तिघे निघावेत.

तीन अवयवांची साखळी

रक्तदाब सांभाळण्यासाठी शरीराने एक साखळी योजिली आहे. तिची पहिली कडी मूत्रपिंडात आहे. १८९८ मध्ये स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टीगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशास टोचला, तेव्हा त्याचा रक्तदाब वाढला. अर्कातील या द्रव्यास त्यांनी रेनिन हे नाव दिले. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्याने आवळून दाखविले, की मूत्रपिंडास रक्त कमी पोहोचले म्हणजे सर्व शरीराचा रक्तदाब चढतो.

आज ही साखळी आपणांस अशी समजलेली आहे. रक्तस्रावाने, जुलाबाने किंवा अन्य कारणाने मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. यकृतात तयार झालेले एक मोठे प्रथिन रक्तातून फिरत असते; रेनिन त्याचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा कापून काढते. हा अँजिओटेन्सिन-एक होय. तो स्वतः जवळजवळ निष्क्रिय असतो. मग रूपांतरक विकर त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले कापून टाकते व आठ अमिनो आम्लांचा अँजिओटेन्सिन-दोन उरतो. हे विकर १९५६ च्या सुमारास लेनर्ड स्केग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. रूपांतराचे हे काम मुख्यतः फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत होते, हे पुढे जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

अँजिओटेन्सिन-दोन अतिशय प्रभावी आहे. तो धमन्या आकुंचित करतो. अधिवृक्क ग्रंथीस अल्डोस्टेरोन हे संप्रेरक सोडावयास लावतो, त्यामुळे मूत्रपिंड मीठ व पाणी राखून धरते. आणि दीर्घकाळ वाढलेला राहिला तर हृदयाचे स्नायू जाड व ताठर करतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हेच रूपांतरक विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा नाशही करते. म्हणजे एका हाताने ते दाब वाढविणारे द्रव्य घडविते आणि दुसऱ्या हाताने दाब उतरविणारे द्रव्य मोडते. हे विकर थांबविले तर दोन्ही बाजूंनी दाब उतरेल, हे उघड आहे. प्रश्न होता तो कसे थांबवावे, हा.

सर्पविषापासून गोळीपर्यंत

रक्तदाबावरील आधुनिक औषधांच्या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग अभ्यासून १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. तिच्यातील रेसरपीन हे द्रव्य दाब उतरवीत असे. पण काही रुग्णांना त्याने मनाची उदासी येई. विकाराच्या साखळीची एखादी कडी नेमकी पकडणारे औषध अजून हाती यावयाचे होते.

ते आले ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या मागाने. जराराका या सापाच्या दंशाने माणसाचा रक्तदाब झपाट्याने कोसळतो. १९४९ मध्ये मौरिसिओ रोशा ए सिल्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सापाचे विष वापरून ब्रॅडिकायनिनचा शोध लावला. त्यांचे शिष्य सर्जियो फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखविले, की विषातील एक घटक ब्रॅडिकायनिनचा प्रभाव कितीतरी वाढवितो. तो घटक घेऊन फेरेरा लंडनला व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे काम करणारे संशोधक वाय. एस. बखले यांनी कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कावर प्रयोग करून १९६८ मध्ये दाखवून दिले, की विषातील हा घटक रूपांतरक विकरासच रोखतो. बखले हे आडनाव महाराष्ट्रास परके नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी ते मुद्दाम लक्षात ठेवावे.

पुढील काम अमेरिकेतील स्क्विब या औषध कंपनीत मिगेल ओन्डेटी व डेव्हिड कुशमन या दोघांनी केले. विषापासून मिळालेले नऊ अमिनो आम्लांचे द्रव्य रुग्णाचा रक्तदाब उतरवीत असे. पण ते पोटात पचून जाई, म्हणून टोचूनच द्यावे लागे. रोज टोचून घ्यावयाचे औषध आयुष्यभर कोण घेणार? तेव्हा या दोघांनी उलट दिशेने विचार केला. रूपांतरक विकराच्या कार्यस्थानी जस्ताचा अणू असतो. त्या खाचेत अचूक बसेल आणि जस्तास घट्ट धरील असा लहानसा रेणू त्यांनी कागदावर आखला व प्रयोगशाळेत घडविला. १९७५ मध्ये सिद्ध झालेले हे द्रव्य म्हणजे कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. त्यानंतर एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल, पेरिंडोप्रिल अशी भावंडे आली. कॅप्टोप्रिल दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावे लागे. नंतरच्यांपैकी बहुतेक दिवसातून एकदा पुरतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. या गोळ्यांत सापाचे विष नसते. विषाने केवळ वाट दाखविली. गोळी पूर्णपणे प्रयोगशाळेत घडविलेली आहे.

थकलेल्या हृदयास आधार

आपल्याकडे कोणी अचानक गेले की ‘हार्ट फेल झाले’ असे म्हणतात. त्यामुळे डॉक्टरांनी ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द उच्चारताच घरात रडारड होते. वैद्यकात या शब्दाचा अर्थ हृदय बंद पडणे असा नाही. हृदय चालू असते, पण शरीरास हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्यास ते अपुरे पडते. चढ चढताना धाप लागणे, पावलांवर सूज येणे, उताणे झोपले की गुदमरणे आणि उशांची चळत करून बसून रात्र काढणे ही त्याची लक्षणे होत. वर्षानुवर्षे अंगावर काढलेला उच्च रक्तदाब हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

विहिरीवरील पंप जुना झाला आणि पाइप चिंचोळा असला, तर पंपावर अधिक ताण पडतो. हृदयाचेही तसेच घडते. शिवाय येथे शरीर स्वतःच चूक करते. दुबळ्या हृदयाकडून मूत्रपिंडास रक्त कमी पोहोचते. मूत्रपिंडास वाटते, शरीरात पाणी कमी पडले. ते रेनिन सोडते. धमन्या आणखी आवळतात, मीठ-पाणी आणखी साठते, आणि थकलेल्या हृदयावर नवा बोजा पडतो. रूपांतरक विकर रोखले म्हणजे हे दुष्टचक्र मध्येच तुटते.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. स्वीडन, नॉर्वे व फिनलंड येथे अत्यंत गंभीर अवस्थेतील २५३ रुग्णांवर झालेली चाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांना नेहमीचे उपचार चालू होते. निम्म्यांना त्यांत एनालाप्रिलची जोड देण्यात आली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांत औषधाविना असलेल्या गटातील ४४ टक्के रुग्ण दगावले. एनालाप्रिल घेणाऱ्यांतील २६ टक्के. १९९१ मध्ये २,५६९ रुग्णांच्या मोठ्या चाचणीतही मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे रुग्ण आकुंचनशक्ती क्षीण झालेल्या हृदयाचे होते. आकुंचन ठीक असूनही हृदय ताठर झालेले असते, अशा रुग्णांत एवढा स्पष्ट लाभ दिसलेला नाही.

साध्या उच्च रक्तदाबात मात्र ही औषधे इतरांहून सर्वथा श्रेष्ठ आहेत, असे म्हणता येणार नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३,००० हून अधिक व्यक्तींच्या एका अमेरिकन चाचणीत मूत्रल औषध लिसिनोप्रिलच्या तुलनेत मुळीच कमी ठरले नाही. कोणत्या रुग्णास कोणते औषध, हे वय, मधुमेह, मूत्रपिंडाची अवस्था आणि हृदयाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवितात. हृदय दुर्बल झालेल्यांसाठी आज या औषधांच्या जोडीस इतर गटांतील औषधेही देतात.

गुणांबरोबर दोष

ब्रॅडिकायनिनचा नाश थांबला की ते साठते. त्याचा लाभ रक्तवाहिन्यांना होतो. पण काही जणांच्या श्वासमार्गास त्यामुळे खवखव सुटते व कोरडा खोकला लागतो. मावशींच्या खोकल्याचे मूळ हेच होते. तो क्षय नव्हता, संसर्ग नव्हता, ‘उष्णता’ही नव्हती. औषध थांबविल्यावर असा खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो. अशा वेळी डॉक्टर सामान्यतः ‘सार्टन’ गटातील औषध देतात. लोसार्टन, टेल्मिसार्टन, व्हल्सार्टन ही त्यातील नावे. ती विकरास हात लावीत नाहीत. तयार झालेल्या अँजिओटेन्सिन-दोनला पेशींवरील त्याच्या जागी बसू देत नाहीत. ब्रॅडिकायनिन साठत नसल्याने त्यांचा खोकला क्वचितच होतो. मात्र खोकला क्षयाचा किंवा हृदयविकाराचाही असू शकतो. निदान घरी बसून करू नये.

इतर दोषही जाणून घ्यावेत.

क्वचित ओठ, जीभ किंवा घसा अचानक सुजतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. या रुग्णास हे औषध पुन्हा कधीही देत नाहीत.

गर्भवती स्त्रीने ही औषधे घेऊ नयेत, गर्भास गंभीर इजा होते. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. ‘सार्टन’ गटासही हाच नियम लागू आहे.

रक्तातील पोटॅशियम वाढू शकते आणि मूत्रपिंडाच्या कार्यात फरक पडू शकतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्ततपासणी करतात. ही तपासणी चुकवू नये.

पहिल्या काही मात्रांनंतर उठताना चक्कर येऊ शकते. म्हणून आरंभ लहान मात्रेने करतात आणि ती हळूहळू वाढवितात.

घरी काय पाहावे?

आमचे विद्यार्थी सुट्टीत गावी जातात तेव्हा आजी-आजोबांच्या औषधांची पिशवी बहुधा त्यांच्याच हाती येते. घरात अक्षर वाचणारे ते पहिले किंवा एकमेव असू शकतात. त्यांच्यासाठी हे थोडे.

पट्टीवर व्यापारी नावाबरोबर औषधाचे मूळ नावही छापलेले असते. ते वाचावे. शेवट ‘प्रिल’ असेल तर ते विकर-निरोधक. शेवट ‘सार्टन’ असेल तर दुसऱ्या गटातील. एकाच पिशवीत दोन्ही निघाली, तर बहुधा दोन डॉक्टरांनी एकमेकांची चिठ्ठी न पाहता ती दिलेली असतात. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देण्याने लाभ वाढत नाही, अपाय मात्र वाढतो, हे २००८ मधील एका मोठ्या चाचणीने दाखविले आहे. अशी पिशवी तशीच डॉक्टरांना नेऊन दाखवावी.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या या औषधांबरोबर मूत्रपिंडास घातक ठरू शकतात आणि रक्तदाबही वाढवितात.

जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी गेले असेल, तर गोळी चालू ठेवावी की दोन दिवस थांबवावी, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतील मीठही याच हिशेबात येते. सैंधव घेतल्याने रक्तदाब वाढत नाही, ही समजूत खरी नाही. तेही मुख्यतः सोडियमचेच मीठ आहे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ घेणाऱ्याने ते विचारल्यावाचून वापरू नये.

ज्यांचे हृदय दुर्बल आहे त्यांनी रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले, तर ते अंगात पाणी साठल्याचे लक्षण समजून डॉक्टरांकडे जावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बरे वाटते म्हणून गोळी थांबवू नये. बरे वाटते आहे ते बहुधा गोळीमुळेच. त्रास होत असेल तर तो सांगावा, औषध बदलून मिळते.

उपसंहार

मावशींनी गोळी थांबविल्यानंतर वर्षभराने एका पहाटे त्यांना श्वास घेता येईना. पाय सुजले होते. रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले, की दीर्घकाळ चढलेल्या दाबाने हृदय दुर्बल झाले आहे. आता ‘सार्टन’ गटातील एक गोळी आणि इतर तीन औषधे त्या नियमाने घेतात. चुलीसमोर उभे राहणे त्यांना जमत नाही; सकाळी येऊन बसल्या बसल्या भाजी निवडतात. “एवढंच होतं व्हय, सर? गोळी बदलायची होती फक्त?” असे त्यांनी आम्हांस विचारले. या प्रश्नाला आमच्याजवळ ‘होय’ याखेरीज उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून विकरांचा धडा शिकविताना आम्ही लाळेवर थांबत नाही. फळ्यावर दहा मणी काढतो, त्यांतील दोन पुसतो, उरलेल्या आठांचे काम सांगतो. मग प्रत्येक विद्यार्थ्यास गृहपाठ असतो : घरी रोज गोळी कोण घेते, तिचे मूळ नाव काय, आणि ती घेतल्यापासून त्यांना काही त्रास होतो का, हे विचारून लिहून आणावे. वह्या तपासताना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही सर्वांत आधी वाचतो.